खांदा दिलेल्या माणसाचं मत

आमच्या शेजारच्या प्रल्हादभाऊजींना पोलिसांनी बेड्या घातल्या तेव्हा मी तिथंच, हातभर अंतरावर उभी होते. आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांची कीव आली नव्हती. एक सणसणीत कानाखाली द्यावीशी वाटत होती. माणूस खरं बोलला म्हणून कुणाला राग येतो का? मला आला. तो का आला हे सांगायचं तर आधी त्यांच्या बोटाचं सांगायला हवं.

मी मीनाक्षी. नर्सिंग मिरजेत केलं आणि गेली सव्वीस वर्षं इथं ओहायोत इमर्जन्सीमध्ये नोकरी करते. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाच्या पोटात सुरी, कुणी बायकोला मारून स्वतःच रडत बसलेला, सगळं बघून झालंय. इथल्याच डब्लिनमध्ये आमचं घर आणि भाऊजींचं घर यांच्यामध्ये एक मेपलचं झाड, बस. ते सांगली जिल्ह्यातले, म्हणजे आमच्याकडचेच. गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही, कारण ज्यांनी कोयते चालवले ते लोक अजून तिथं पारावर बसून चहा पितात.

तर बोट. भाऊजींच्या डाव्या हाताला अंगठ्याशेजारचं बोटच नाही. पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा आमची आन्या पाच वर्षांची होती. तिनं सरळ विचारलं, "काका, who ate your finger?" सगळे हसले. भाऊजी हसले नाहीत. म्हणाले, "इलेक्शनने खाल्लं, बाळा."

गोष्ट सत्त्याण्णव सालची. भाऊजी चोवीस वर्षांचे, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून पुण्याला नोकरी शोधत होते. थोरला भाऊ विक्रम गावी शेती बघायचा. तीस वर्षांचा, लग्न झालेला, घरात नऊ महिन्यांचं पोर. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विक्रम एका पॅनेलचा पोलिंग एजंट झाला. पोलिंग एजंटचं काम साधं असतं. मतदानकेंद्रात बसायचं, येईल त्याचं तोंड बघायचं, आणि माणूस खोटा वाटला तर आक्षेप घ्यायचा. दुपारी समोरच्या पॅनेलचा एक गडी एका म्हाताऱ्याच्या नावाची चिठ्ठी घेऊन आला. तो म्हातारा दोन महिन्यांपूर्वी वारलेला. विक्रम उभा राहिला आणि भरल्या खोलीत म्हणाला, "साहेब, ह्या नावाच्या माणसाला मी स्वतः खांदा दिलाय. तो मत द्यायला कुठनं आला?" गड्याला बाहेर काढलं. लोक हसले म्हणे. त्या हसण्यानंच घात केला.

चारच्या सुमाराला विक्रम पाणी प्यायला शाळेच्या पायऱ्यांवर आला. पाच जण उभे होते. पहिला घाव पहारीचा, डोक्यात, मागून. मतदानासाठी गावी आलेले भाऊजी फाटकाजवळ होते, ते धावले. दुसऱ्यानं कोयता उचलला तो विक्रमच्या मानेवर, आणि भाऊजींनी मध्ये हात घातला. बोट तिथंच पडलं. त्याचं त्यांना कळलंही नाही. त्यांना फक्त एवढं आठवतं, की दादा पालथा पडला होता, पायरीवरून डोकं खाली, आणि त्याच्या कानातून रक्त येत होतं. ते पाचही जण तरीही लाथा घालत होते. मेलेल्या माणसाला लाथा! माणसं कसली, लांडगे मेले.

भाऊजी मिरजेच्या दवाखान्यात बेशुद्ध होते तेव्हा गावात विक्रमला अग्नी दिला. ते घरी आले तेव्हा तेरावंही होऊन गेलं होतं. भावाला खांदा देणं त्यांच्या नशिबी आलं नाही.

पुढं केस उभी राहिली. पायऱ्यांवर चाळीस माणसं होती. कोर्टात चाळीसच्या चाळीस एकच वाक्य बोलली, "पाय घसरून पायरीवरनं पडला." आणि भाऊजींचं बोट? ते म्हणे ऊस तोडताना कापलं. सगळे सुटले. भाऊजी कोर्टाबाहेर एकाच्या नरड्याला झोंबले, तेव्हा त्यांनाच चार दिवस आत बसवलं. नव्याण्णव साली ते अमेरिकेला आले. सगळे डॉलरसाठी आले. हा माणूस गावात राहिला असता तर खून केला असता म्हणून आला.

आता इथला इतर कुणी असता तर म्हणाला असता, जळो ते गाव. ह्यांचं उलटंच. बायको सीमा आणि मुलगी दोघी केव्हाच अमेरिकन नागरिक झाल्या. हे झाले नाहीत. का? तर भारताचं नागरिकत्व गेलं की गावच्या यादीतलं नाव जातं. दर दहा वर्षांनी ग्रीन कार्ड नवं करायचं, भारताचा पासपोर्ट नवा करायचा, परदेशी मतदार म्हणून रीतसर अर्ज भरून नाव यादीत ठेवायचं. आणि प्रत्येक निवडणुकीला, लोकसभा असो, विधानसभा असो, ग्रामपंचायत असो, विमानात बसून जायचं. कारण नियम असा, की परदेशी मतदारानं स्वतः त्या केंद्रावर उभं राहून पासपोर्ट दाखवायचा. पोस्टानं नाही, ऑनलाइन नाही. त्याच शाळेत, त्याच पायऱ्या चढून. पायऱ्या चढताना डोळे मिटतात, असं सीमा सांगायची.

बोट नाही म्हणून शाई मधल्या बोटाला लागायची. एकदा परत आल्यावर भाऊजींनी ऑफिसच्या ग्रुपवर अभिमानानं फोटो टाकला, शाईचं मधलं बोट ताठ उभं करून! मॅनेजर गोरा. अर्ध्या तासात मीटिंगला बोलावणं. भाऊजींनी खुलासा म्हणून तीन पानांची ईमेल लिहिली. विक्रमच्या खुनासकट. त्यानंतर त्या ऑफिसात कुणी त्यांच्याशी वाकडं बोललं नाही, बाई. भीतीनंच असेल.

गावी जाऊन मत देण्यावरून भाऊजी आणि मी खूप भांडायचो. माझं मत ठाम होतं, आजही बऱ्यापैकी आहे. मी म्हणायचे, "भाऊजी, ज्या गावचं पाणी तुम्ही पीत नाही, तिथं सरपंच कोण हवा हे तुम्ही कशाला सांगता? नळाला पाणी नाही आलं तर तुमचं काय जातं? मत देऊन तुम्ही विमानात बसणार. मागं मार खायला उरतात ते गावातले."

"वहिनी, त्या गावात माझं रक्त सांडलंय. पाण्याचं काय घेऊन बसलात?"

"मग रक्तावर रेशन कार्ड मागा!"

"तुम्ही इथं मत देता नि छातीवर 'मी मत दिलं'चं स्टिकर लावता. आमच्याकडं मत द्यायला गेलं की पाठीवर वळ उठतात. ज्याला वळ उठलेत, त्याचं मत जास्त खरं."

एका दिवाळीला बाहेरगावहून आलेला कुणाचा तरी मेहुणा बोलून गेला, "अरे यार, एका मतानं काय फरक पडतो? उगाच ड्रामा." हातात श्रीखंडाची वाटी होती त्याच्या. भाऊजींनी वाटीसकट तोंडावर दिली. पुढचा दात तुटला आणि श्रीखंड लालभडक झालं. मी बर्फ लावत बसले, सीमा त्याच्यापुढं हात जोडत बसली. त्या पाहुण्याचं म्हणणं माझ्याच म्हणण्यासारखं होतं, पण उचलली जीभ लावली टाळ्याला, असं चालत नाही सगळीकडं. पोलीस नाही आले तेव्हा, हे नशीब.

आता केदारचं सांगते. केदार म्हणजे विक्रमचा तो नऊ महिन्यांचा पोरगा. भाऊजींनी त्याला शिकवला, इंजिनियर केला, आणि तीन वर्षांपूर्वी तो वर्क व्हिसावर इकडे कोलंबसला आला. एकोणतीस वर्षांचा, दिसायला अगदी बापासारखा, असं भाऊजी म्हणायचे आणि बोलता बोलता त्याच्याकडं बघत राहायचे. केदारची आई गावी एकटी. बापाला तो आबा म्हणायचा, फोटोला हार घालताना. त्यापलीकडं त्याला बाप माहीत नव्हता.

आणि अजून एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. विक्रमचं नाव गावच्या यादीतून कधीच काढलं नव्हतं. दरवेळी यादी तपासायला माणूस घरी यायचा आणि दरवेळी भाऊजींच्या सांगण्यावरून केदारची आई सांगायची, "हायेत. भावाकडं अमेरिकेला असतात." अठ्ठावीस वर्षं! भाऊजी इथं बसून यादी उघडायचे, भावाच्या नावावर बोट ठेवायचे आणि बंद करायचे. म्हणायचे, "तेवढ्या एका कागदावर दादा जिवंत आहे, वहिनी. तिथनं त्याला मी मारू का?" मला वाटलं, राहू दे, एका नावानं कुणाचं काय बिघडतंय. मूर्ख मी पण.

गेल्या हिवाळ्यात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. भाऊजींनी पासपोर्ट नवा करायला पाठवला होता. फोटोचा साईज चुकला, सगळं परत आलं, पुन्हा पाठवलं, आणि मतदानाच्या दिवशी पासपोर्ट ह्यांच्या हातात नव्हता. पहिल्यांदाच मत चुकलं. पिंजऱ्यात कोंडल्यासारखा माणूस घरात येरझाऱ्या घालत होता. त्या दिवशी त्यांनी बेसमेंटच्या दारावर बुक्की मारली. दाराला भोक आणि हाताला सूज. मीच पट्टी बांधली.

आणि निकाल काय? भाऊजींचं पॅनेल आलं. सरपंचपद एका मतानं. एका!

शनिवारी दुपारी सीमानं मला चहाला बोलावलं. भाऊजींनी इंडियन स्टोअरमधून पेढ्यांचा मोठा डबा आणलेला, पण चेहरा सुतकी. "एका मतानं आलो, आणि त्यात माझं मत नाही," हेच चाललेलं. केदार आला. बाहेर गुडघाभर बर्फ, त्याचे बूट ओले. काकांच्या पाया पडला आणि हसत म्हणाला, "काका, तोंड काय पाडून बसलाय? घरातलं मत मी वाया जाऊ दिलं नाही."

"म्हणजे?"

"तुम्हाला जमलं नाही, तर भरपाई केली. मित्राला फोन केला. एजंट आपलाच होता. आबांचं नाव आहे ना यादीत? आबांचं मत टाकलं. त्या एका मतानंच आलो आपण! समजा, आबांनीच जिंकून दिलं."

पोरगं खुशीत होतं हो. त्याला वाटलं, काका मिठी मारतील. माझ्या हातातला कप तसाच राहिला.

भाऊजी अगदी हळू म्हणाले, "कुणी टाकलं?"

"आहे एक पोरगा. चिठ्ठी घेऊन गेला, कुणी विचारलंसुद्धा नाही."

"कुणी विचारलंसुद्धा नाही," भाऊजी म्हणाले. आणि पेढ्यांचा स्टीलचा डबा त्यांनी केदारच्या तोंडावर हाणला.

मी आयुष्यात मारामाऱ्या पुष्कळ निस्तरल्या, पण एवढा मार चालू असताना घरात बसून बघायची ती पहिली वेळ. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. पेढे सगळीकडं. भाऊजींनी त्याला कॉलरला धरून गॅरेजमधून बाहेर ओढत नेलं. "ह्याच्यासाठी मेला का रे तो? ह्याच्यासाठी? मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लंस, आणि मेलेला कोण, तर तुझा बाप!" केदार एकदाही हात उचलेना, नुसतं डोकं झाकत होता, "काका, काका" करत. भिंतीला बर्फ ओढायचं फावडं टेकवलेलं होतं, लोखंडी पात्याचं. ते भाऊजींच्या हातात आलं. पहिला घाव खांद्यावर, दुसरा पाठीत. मी मध्ये पडले, माझ्या कोपरावर असा बसला की हातात मुंग्या आल्या. तिसरा डोक्यात.

केदार गॅरेजच्या पायरीवरून खाली कोसळला. पालथा. डोकं बर्फात, आणि त्या पांढऱ्या बर्फात रक्त पसरत चाललेलं.

मी त्याच्या अंगावर पडले आणि ओरडले, "मारा! आता मला मारा! होऊन जाऊ दे!"

फावडं खाली पडल्याचा आवाज आला. मान वर करून बघितलं तर भाऊजी त्या पायरीकडं, पालथ्या पडलेल्या केदारकडं बघत होते. मग ते जमिनीवर बसले आणि आपल्याच थोबाडीत मारून घ्यायला लागले. दोन्ही हातांनी, फाड फाड. सीमा रडत त्यांचे हात धरत होती. मला त्यांचं काही पडलेलं नव्हतं. मी टॉवेल दाबला, पोराच्या बाहुल्या बघितल्या. त्याला उलटी झाली तशी मी म्हटलं, हॉस्पिटल. आत्ता.

गाडी मी चालवली. मागं सीमाच्या मांडीवर केदारचं डोकं, पुढं माझ्या शेजारी भाऊजी. केदार तोंडातलं रक्त गिळत बोलला, "मावशी, बर्फावरून पाय घसरला म्हणून सांगायचं. पायरीवरून पडलो."

"हो हो," सीमा म्हणाली, "तेच सांगायचं. पाय घसरला."

मीही म्हटलं, "बरोबर. कुणी दुसरं काही बोलायचं नाही." आणि हे मी बोलले! वीस-पंचवीस वर्षं जिचं काम अशाच बायकांना खोदून खोदून विचारायचं, की बाई, खरं सांग, पडलीस की मारलं? मला आठवलंच नाही की हे वाक्य कुठलं आहे. शेजारी बसलेल्या माणसाला आठवलं. ते काचेतून बाहेर बघत होते, हात मांडीवर, चार बोटांचा हात वर.

माझं हॉस्पिटल सोडून मी मुद्दाम दुसरीकडं नेलं. तिथं ट्रायाजच्या, म्हणजे पेशंटला आधी तपासणाऱ्या पोरीनं केदारला विचारलं काय झालं. तो इंग्रजीत म्हणाला, "I slipped. On the steps."

"No," भाऊजी म्हणाले.

मी त्यांचं जॅकेट मागून खेचलं. मराठीत म्हटलं, "भाऊजी, गप्प बसा. ग्रीन कार्ड जाईल. गावी गेलात तर परत येता येणार नाही. मत विसरा, मग बायको-पोरीचं तोंडसुद्धा दिसायचं नाही. तुमच्या पाया पडते, गप्प बसा."

त्यांनी माझा हात सोडवला. "वहिनी, चाळीस जण हेच बोलले होते. मी एक्केचाळिसावा होऊ?" आणि त्या पोरीकडं वळून म्हणाले, "He did not slip. I hit him. With a shovel. Write it."

पाच मिनिटांत ऑफिसर आला. भाऊजींनी हात पुढं केले. बेडी घालताना तो ऑफिसर त्या नसलेल्या बोटापाशी थबकला. पुढं भाऊजींना नेलं, आणि तेव्हा मला ती कानाखाली द्यायची इच्छा झाली, जी मी सुरुवातीला सांगितली. खरं बोलायला अठ्ठावीस वर्षांत हाच मुहूर्त सापडला काय! मग मी बाथरूममध्ये जाऊन इतकी रडले, की दोनदा तोंड धुवावं लागलं.

केदारला डोक्याला चौदा टाके, नाकाला फळी. कवटीला चीर होती, मेंदूला काही नव्हतं. त्यानं साक्ष द्यायला नकार दिला, म्हणून भाऊजींवरचा गुन्हा जरा हलका झाला, पण गुन्हा तो गुन्हा. वकिलानं स्वच्छ सांगितलं, आता देशाबाहेर पाऊल टाकू नका, परतताना विमानतळावर अडवतील. इथलं नागरिकत्व मागायचं तर तेही कित्येक वर्षं विसरा. म्हणजे गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं. यादीत नाव आहे, हातात नवा पासपोर्ट आहे, आणि त्या पायऱ्या काही पुन्हा चढता यायच्या नाहीत. ज्या मतासाठी ह्या माणसानं अर्धं आयुष्य परक्यासारखं काढलं ते मत त्यानं एका वाक्यात सोडून दिलं.

कोर्टानं घरापासून, केदारपासून लांब राहायला सांगितलेलं. दीड महिना भाऊजी मोटेलात राहिले. मी डबा द्यायचे आणि सोबत शिव्या. त्या दीड महिन्यात केदारनं जे केलं ते मला त्याच्याकडून अपेक्षित नव्हतं. हरलेल्या उमेदवार बाईंना त्यानं स्वतः फोन केला आणि सगळं सांगितलं. लिहूनही दिलं. त्याच आठवड्यात गावात केदारच्या आईच्या घरावर दगड पडले. आणि टाकणारे समोरच्या पॅनेलचे नव्हेत, आपलेच, ज्यांना त्या मतानं निवडून आणलं ते! खिडक्या फुटल्या, बाईच्या कपाळाला खोक पडली. मी तणतणले, "बघा, मी म्हणत होते ना? इथून मत टाकलं यानं, दगड खाल्ला तिनं!" फोनवर तिला मी हेच म्हटलं तर ती बाई काय म्हणाली ठाऊक आहे? "लागू द्या, ताई. धन्याला लागलं तेव्हा मी ओवरीत पोर घेऊन लपून बसले हुते. ह्या बारीला दारात हुबी हुते." मी फोन ठेवला. पुढं कुणाशी वाद घालायची माझी छाती झाली नाही.

मार्चमध्ये कोर्टाची बंदी उठली. रविवारी सकाळी भाऊजी घरी आले आणि दहा मिनिटांनी केदार आला. टाक्यांच्या जागी केस अजून आले नव्हते. दोघं दारात उभे. कुणी कुणाच्या पाया पडेना. शेवटी मीच म्हटलं, "दार लावा, हीटिंग बाहेर चाललंय."

केदारनं लॅपटॉप उघडला. यादीतून नाव काढायचा अर्ज. भाऊजी खुर्ची ओढून शेजारी बसले.

"नाव," केदार वाचत होता आणि टाइप करत होता. "कारण."

तिथं तो थांबला. यादीत पर्याय होते, स्थलांतर, दुबार नोंद, मृत्यू. भाऊजींनी हात पुढं केला, मागं घेतला. मग म्हणाले, "तू कर. तुझा बाप आहे."

केदारनं केलं. "तारीख काय, काका? मला तिथीच माहीत आहे. श्राद्ध तिथीनंच करते आई."

भाऊजींनी तारीख सांगितली. वेळही सांगितली, अर्जात ती मागितली नव्हती तरी. "चार वाजून दहा मिनिटं," म्हणाले. आणि फाइलमधून मृत्यूचा दाखला काढून दिला. प्लास्टिकमध्ये घातलेला, अठ्ठावीस वर्षांत एकदाही बाहेर न काढलेला.

अर्ज मंजूर व्हायला दोन महिने गेले. मेच्या शेवटी एका संध्याकाळी सीमाचा फोन आला, ये म्हणून. मी डबल शिफ्ट करून आलेली, पाय दुखत होते, तरी गेले. टेबलावर लॅपटॉप, पडद्यावर गावची नवी यादी. विक्रमच्या नावाच्या चौकटीवर आडवा शिक्का, वगळले. भाऊजी मला म्हणाले, "वहिनी, बघा. आज गेला माझा दादा." आणि रडले. मोठ्यानं, गावाकडं बाप्ये रडतात तसे, छातीवर हात मारत. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. केदारनं त्यांचा तो हात धरला, चार बोटांचा, आणि धरून ठेवला.

आमच्याकडं रीत आहे, दूर देशी भाऊबंद गेल्याची बातमी उशिरा कळली तर कळेल तेव्हा डोक्यावरून आंघोळ करायची. भाऊजी उठले, खांद्यावर टॉवेल टाकला. केदारला म्हणाले, "चल. तुझीही राहिलीय."

आधी काका गेले, मग पुतण्या गेला. शॉवरचं पाणी बराच वेळ चालू होतं. मी आणि सीमा बाहेर बसून राहिलो. सुतक नसलं तरी त्या रात्री आम्ही कुणी त्या घरात चूल पेटवली नाही. मी माझ्याकडून भाकरी आणि पिठलं करून आणलं, आणि चौघंही तेच जेवलो.